बुशावरची रेघ

कडुबा मगरेच्या रागाला आवाज नाही. तो रागावला की हळू काम करतो. त्या सकाळी त्यानं बद्रीनाथरावांच्या जुन्या अँबॅसडरचं इंजिन इतक्या हळू उघडलं, की गॅरेजचा मालक गोकुळ दोनदा घड्याळ बघून गेला.

गॅरेज क्रांती चौकापासून जवळच. पांढरी फरशी, काचेचं दार. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून मिळतील, अशी पाटी. करतो कडुबा; पाटीवर गोकुळ. चाळीस वर्षं हेच चाललंय. मालक बदलले, पाट्या बदलल्या, कडुबा कुठल्याच पाटीवर चढला नाही. त्याचं त्याला फारसं वाटत नसे. मिस्त्रीचं नाव इंजिनात राहतं, असं तो मानायचा. आता तेच गेलं होतं.

झालं होतं असं. पैठणच्या बद्रीनाथरावांनी वडिलांची अँबॅसडर दुरुस्तीला दिली. इंजिनातला कॅमशाफ्ट ज्यांत फिरतो ते तिन्ही बुश झिजलेले. कडुबानं नवे बसवले. वरून हे काम सोपं दिसतं: ब्लॉकमधल्या गोल घरात धातूची कडी घालायची. पण प्रत्येक कडीला तेलाचं भोक असतं आणि ते ब्लॉकमधल्या भोकासमोरच यावं लागतं. बोटभर सरकलं तर तेल अडतं आणि शाफ्ट कोरडा फिरून जळतो. कडुबाकडं लेथवर स्वतः केलेला, टप्प्याटप्प्यानं जाड होत जाणारा पायऱ्यांचा दांडा आहे. त्यानंच तो बुश आत ढकलतो. भोकातून सायकलची तार आरपार घालून बघतो. मग ब्लॉक आणि बुश, दोन्हींवरून मिळून एक रेघ ओढतो. ही त्याला काम शिकवणाऱ्या उस्तादांची शिकवण. ते म्हणायचे, "लकीर मार के रख. कल तेरे पे बात आई तो लकीर बोलेगी."

गोकुळनं इंजिन जोडून गाडी दिली. गाडी बद्रीनाथरावांच्या मुलाच्या साखरपुड्याला निघाली आणि बिडकीनच्या पुढं बंद पडली. पाहुणे भर उन्हात रस्त्यावर. त्या संध्याकाळी गॅरेजजवळच्या बन्सीच्या चहाच्या टपरीवर, चार मिस्त्र्यांसमोर, बद्रीनाथराव म्हणाले, ह्या लोकांच्या हाती काम दिलं की असंच होतं. बन्सीनं हे कडुबाला सांगताना आवाज खाली घेतला. 'ह्या लोकांच्या' म्हणजे कुठल्या, हे बौद्धवाड्यात वाढलेल्या कडुबाला सांगावं लागलं नाही.

म्हणून ओढून आणलेली गाडी तो आज स्वतः उघडत होता. पुढचं झाकण निघालं, शाफ्ट फिरवणारी, आता तुटलेली चेन निघाली. अडकलेला शाफ्ट ओढून काढावा लागला. पुढचा बुश जळून काळा पडला होता. बद्रीनाथराव खुर्चीत बसून बघत होते.

कडुबानं फडक्यानं काठ पुसला. रेघ होती. अर्धी ब्लॉकवर, अर्धी बुशावर, आणि दोन अर्ध्यांत अंगठ्याएवढं अंतर. बुशाच्या काठावर हातोडीचे तीन घाव. त्यानं तार घातली. ती आत गेली आणि बुशाच्या पाठीवर जाऊन अडली.

कडुबानं आयुष्यात कधी बुशाला हातोडी लावली नव्हती.

त्यानं गोकुळकडं नुसतं बघितलं. मग गोकुळच्या तोंडून निघालं ते असं. बुश बसवून कडुबा घरी गेल्यावर गोकुळनं गॅरेजच्या जाहिरातीसाठी व्हिडिओ काढला होता. बसवलेला बुश दाखवण्यात मजा नव्हती, म्हणून पुढचा बाहेर काढला आणि कॅमेऱ्यासमोर पुन्हा ठोकला. शाफ्ट जड जायला लागला तेव्हा आतून पॉलिश पेपर मारला. ऐंशी हजार लोकांनी ते बघितलं.

"व्हिडिओच काढायचा व्हता, तर मला का नाय थांबवलं?"

"काका, तुमचे हात..." गोकुळ अडखळला.

"काळे हैत. बोल की."

बद्रीनाथराव उठले. झालं गेलं सोड म्हणाले, नवा बुश घाल आणि विषय मिटव. वयानं बारा वर्षांनी लहान असून ते कडुबाला अरेतुरे करत होते.

"टपरीवर जे बोलला, ते तिथंच माघारी घ्या, राव," कडुबा म्हणाला. "चौघं रोज असतात तिथं. आन् गोकुळ, तो व्हिडिओ पुसू नको. त्याच्याखाली ही रेघ दाखव. कुणी ठोकलं ते तुझ्या तोंडानं सांग."

गोकुळनं मोबाइल खिशात घातला. बद्रीनाथराव हसले. "एका बुशापायी माफी मागू व्हय मी? तुझी?"

कडुबानं दांडा पुसला, तार गुंडाळली, दोन्ही पिशवीत घातलं.

"मग दुसरा मिस्त्री बघा."

दुसरे आले. त्या चौघांपैकीच तिघं, एकेक करून. प्रत्येकानं वाकून रेघ बघितली, काठावरचे घाव बघितले आणि हात न लावता तो निघून गेला. शेवटच्यानं जाताना गोकुळला विचारलं, हे कडुबानं सोडलंय ना, मग मी कसा धरू?

अँबॅसडर अजून तिथंच उभी आहे, बॉनेट उघडं. बन्सी म्हणतो, तुझं नाव तर परत आलं, आता कशाचा राग? कडुबा चहा पितो. काचेच्या दारापलीकडं चांगलं इंजिन गंजतंय, हे त्याला रोज जाता-येता दिसतं. टपरीवरचं बोलणं माघारी घेणाऱ्या एका वाक्यात ते चालू होईल. ते वाक्य अजून कुणी बोललेलं नाही.