चार जास्तीच्या चकत्या

त्याला सगळे गाठ्या म्हणत, कारण त्याने मारलेली गाठ सुटलेली कुणी पाहिली नव्हती. चाळीस वर्षं जाळी विणलेल्या या माणसाला मासे मोजणाऱ्या बोटीवर घेतलं, ते तिथला तळ खडकाळ म्हणून. साधं जाळं तिथे एका फेरीत चिंध्या होऊन वर यायचं. गाठ्याने जाळ्याच्या खालच्या दोरात जुन्या टायरच्या चकत्या ओवल्या, आणि जाळं खडकांवरून गडगडत जाऊ लागलं. चकत्यांमधल्या फटींतून काही मासे निसटत. पण दरवर्षी फटी तेवढ्याच, म्हणून वर्षावर्षाचे आकडे ताडून पाहता येत. मोजणीच्या बाईंनी बजावलं होतं, जाळं सुधारायचं नाही. हे काही गाठ्याच्या पचनी पडलं नव्हतं.

यंदा पहिल्याच दिवशी दोर तुटला. तो सांधताना गाठ्याने फटींत चार छोट्या चकत्या जास्तीच्या सरकवल्या. पुढच्या तिन्ही फेऱ्यांत जाळं फुगून वर आलं. बाई हरखल्या. असंच राहिलं तर दोन वर्षं बंद असलेला हा पट्टा मासेमारीला खुला होणार होता, म्हणजे गाठ्याच्या मुलाची धक्क्यावर पडून असलेली बोटही सुटणार होती. त्याने लगेच मुलाला फोन करून टाकला.

मग मात्र त्याच्या जिवाला चैन पडेना. चकत्या हाताच्या सवयीने घातल्या की पोराच्या मायेने, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. बाईंच्या दारापर्यंत तो दोनदा जाऊन परत फिरला. तिसऱ्यांदा आत शिरला आणि चारही चकत्यांचं सांगून मोकळा झाला.

बाईंनी तिन्ही फेऱ्यांवर काट मारली. चकत्या गाठ्यानेच उपसल्या. त्याच जागी पुन्हा तीन फेऱ्या झाल्या. मासे गेल्या वर्षीइतकेच निघाले. पट्टा बंदच राहणार होता.

बोट धक्क्याला लागली तेव्हा मुलगा वाट पाहत उभा होता. त्याच्या हातांना निळा रंग लागलेला होता. मागे त्याची बोट नव्याने रंगवलेली दिसत होती.

"किती वाढले, बाबा?"

"वाढले नाहीत रे," गाठ्या म्हणाला. "मीच वाढवले होते."