तळहातावरचा डाग

माहेर लातूरकडे. सातवीत शाळा सुटली आणि लग्न होऊन इतक्या लांब, रत्नागिरीकडे, पालीजवळच्या काजूच्या कारखान्यात टरफलं फोडायला बसले. टरफलातलं तेल कातडी जाळतं. आम्ही हाताला राख चोळायचो, तरी सगळ्यांचे तळवे काळेच. म्हणून अंगठ्याच्या बुडाशी एक डाग जाईना, तेव्हा मुकादमीण मावशी म्हणाली, "अगो, तेल आहे ते. तुझा हात काय वेगळा लागून गेला?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि वर्ष घालवलं.

तो कातडीचा कर्करोग निघाला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी ओळखला, मुंबईला पाठवून काढून घ्यायला लावला. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पण त्यांनी मला वैतागही तितकाच दिला.

२००८च्या सुमाराला ते म्हणाले, "तुमचा कापलेला तुकडा मुंबईत मेणात बसवून ठेवलाय. त्यात मायक्रोआरएनए म्हणून फार बारीक काही असतं. त्याच्या कमी-जास्त असण्यावरून कोणाचा आजार उलटेल ते कळतं का, हे शोधतायत. तुकडा वापरू द्याल?"

मी लगेच सही केली. उलटेल का, एवढंच तर मला हवं होतं.

तीन महिन्यांनी विचारलं, "आलं का?"

"तसं येत नाही, बाई. तो अभ्यास आहे. पुष्कळ तुकडे बघायचे, माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं. तुम्हाला वेगळा निकाल मिळणार नाही. कागद वाचून दाखवला होता मी."

"तेव्हा मी हाताकडे बघत होते."

हातातला आजार पसरला तर आधी काखेत गाठ येते, म्हणून त्यांनी काख चाचपली. "गाठ नाही."

"म्हणजे उलटणार नाही?"

"म्हणजे आज गाठ नाही. तीन महिन्यांनी या."

तुकडा माझा, हात माझा, आणि कळणार दुसऱ्यांना. दर खेपेला हेच. शेवटी चिडून मीच कारखान्यात बायकांचे हात तपासायला लागले. डागाभोवती बॉलपेनने गोल काढायचा; पुसला की पुन्हा काढायचा. तेलाचा डाग काही दिवसांत कातडीबरोबर सोलून जातो. नाही गेला तर डॉक्टर.

"डॉक्टरीणबाई आल्या," मावशी टोमणा मारायची. एकदा सगळ्या जेवायला गेल्यावर तिने गुपचूप हात पुढे केला. मी गोल काढला.

"काय निघेल गो?"

"आज काही सांगता येत नाही."

"मग रेघोट्या कशाला मारतेस?" मावशी भडकली.

दुसऱ्या दिवशी गोल पुसट झाला होता. तिने पुन्हा हात पुढे केला.