उगवलेली सीट

राळेगावात गाड्यांच्या सीटा शिवणारे एक चाचा होते. तोंडात सुई धरून बोलायचे, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य शिटीसारखं निघायचं. सीट शिवून झाली की तिच्यावर बसून डोळे मिटायचे. डुलकी लागली तर काम पास, नाहीतर उसवून पुन्हा.

माझ्या जुन्या अॅम्बेसिडरची मागची सीट पार बसली होती आणि भाचीचा नवरदेव याच गाडीतून यायचा होता. फोमचं नाव काढताच चाचांनी नाक मुरडलं. बाजारात कापसाला कुणी विचारत नव्हतं, म्हणून त्यांनी गेल्या साली शेतात पिकलेला, घरात पडून असलेला कापूसच भरला, तोही सरकीसकट.

"सरकीनं पाठीची मालिश होते, भाऊ," म्हणाले आणि त्याच सीटवर घोरायला लागले.

पुढे मागच्या काचेतून पावसाचं पाणी झिरपलं. लग्नाच्या आदल्या दिवशी पाहतो तर शिवणीतून दोन हिरवी पानं डोकावताहेत! मी तणतणत गाडी घेऊन गेलो.

चाचा बराच वेळ वाकून बघत राहिले. मग त्यांनी तोंडातली सुई काढली. त्यांचा बिनशिटीचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"औंदा माह्या वावरात दोनदा पेरलं, धड उगवलं नाही. हे तं रेक्झिनातून उगवून राह्यलं. कायले उपटू?"

त्यांनी रोपाभोवती सदऱ्याला करतात तसं काज केलं.

नवरदेव त्याच्या गावाहून, बोरी अरबपासून, रोपाला धक्का नको म्हणून अंग चोरून बसून आला. मांडवापाशी सगळे त्याला ओवाळायला धावले. चाचा तेवढे लोटाभर पाणी घेऊन मागच्या सीटकडे गेले.