साहेबाच्या खुर्चीत मामा

माझे मामा आंधळगावचे, कोशाचं रेशमी कापड विणणारे. लेक त्यांनी शहापूरला दिली, आणि तेव्हापासून व्याह्यांची एक गोष्ट त्यांच्या मानगुटीवर बसली. भंडाऱ्याच्या इंग्रजी बंगल्यात व्याही म्हणे साहेबाच्या खुर्चीत बसून आले होते! ही गोष्ट व्याही तेरवीच्या पंगतीतसुद्धा सांगत. आता नातवाचं बारसं आलं होतं, तेही मामांच्याच अंगणात.

"बापू, मलेबी त्या खुर्चीत बसाचं हाय," मामा मला म्हणाले. "फोटो पायजे."

बंगला पाहून मी तर हरखलोच. भंडाऱ्याच्या उन्हात साहेबानं दिवाणखान्यात शेकोटी बांधली होती! राखणदारानं शहाणपणा करून तिच्यात कूलर बसवला होता. मधोमध ती खुर्ची. वेताची, आणि हात एवढे लांब की साहेब त्यांवर पाय टाकून लोळत असणार. राखणदार पाणी आणायला गेला, तशी मामांनी संधी साधली. धोतर आवरलं, बसले, एक पाय इकडे टाकला, एक तिकडे.

वेत सैल होता. मामा खाली खाली गेले, गुडघे कानांशी आले. मी त्यांचे हात धरून ओढलं, तर खुर्चीच माझ्याकडे यायला लागली.

"फोटो काढू का, मामा?"

"आग लाव फोटोले! धोतर कुठं चाललं ते पाय पयले!"

तेवढ्यात नागपूरच्या चार बाया बंगला पाहायला आत आल्या. मामा जागच्या जागी दगड झाले. एक बाई वाकून म्हणाली, "मेणाचा हाय का हो? किती खरा वाटून राहिला!"

"साहेबाचा मुनीम," मी गंभीरपणे म्हणालो. चौघींनी त्याच्यासोबत फोटो काढले.

त्या गेल्या आणि राखणदार तांब्या घेऊन आला. "अरे बाप्पा, आणखी एक! मांगच्या साली शहापूरचे एक पाहुणे असेच फसले होते. रडाले आले होते बिचारे. चौघांनी उपसून काढलं."

मुनिमाच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "मोठ्या मिशीवाले?"

"हो जी, तेच."

मामांना बाहेर काढायला पाच माणसं लागली, पण ते सगळा वेळ खदखदत होते.

बारशाला व्याह्यांनी मिशीवर हात फिरवून सुरुवात केली, "साहेबाच्या खुर्चीत मी..."

"मीबी बसून आलो जी," मामा प्रेमानं म्हणाले. "लई खोल हाय, नाही का?"

मिशी खाली आली. मी दोघांसाठी हात असलेल्या दोन खुर्च्या पुढे केल्या.

"तुमी बसा जी," व्याही म्हणाले.

"छे! पाहुण्यांचा मान पयला."

दोघांनी खुर्च्यांकडे एकदा पाहिलं, आणि सतरंजीवर शेजारी शेजारी मांडी घातली.