पडदा मागून कापला होता

नोकरीत चोऱ्यामाऱ्या पुष्कळ पाहिल्या, पण एका कापलेल्या पडद्याचं प्रकरण आजही डोक्यातून जात नाही. तेव्हा मी गोंधळलो होतो, आणि आजही सगळं उलगडलंय असं म्हणणार नाही.

हिंदी मुलुखातल्या आमच्या शहरात, लश्कर नावाच्या भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. महाराज बाडा चौकाजवळच्या जुन्या टॉकीजचे मालक सकाळीच तक्रार घेऊन आले. पन्नाशीचे, आमच्यासारखेच इथले मराठी. टॉकीज त्यांच्या वडिलांनी नाटक आणि सिनेमा दोन्हींसाठी बांधली होती. चांगला खोल रंगमंच, दोन्ही बाजूंना विंगा. पुढे नाटकं थांबली आणि रंगमंचाच्या तोंडाशी सिनेमाचा पडदा कायमचा ठोकला गेला. तोच कोणीतरी कापला होता.

"साहेब, हे गेटकीपरचंच काम आहे," मालक म्हणाले. "टॉकीज पाडायला विकायचं ठरलं तेव्हापासून तो भांडूनच राहिला आहे. आत टाका त्याला."

मी अज्ञात व्यक्तीविरुद्ध गुन्हा नोंदवला. दुपारपर्यंत समोरच्या पानवाल्याकडून खबर आली. आदल्या दिवशी खेळ सुरू नसताना गेटकीपरने मागचं दार उघडलं होतं, आणि त्याच्याबरोबर एक म्हातारी बाई होती.

गेटकीपर हजीरा वस्तीतला, साठीला आलेला. त्याला ठाण्यात बसवून विचारलं. म्हणाला, "दरवाज़ा मैंने नहीं खोला, साहब."

"और वो अम्मा कौन थीं?"

त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "पर्दा मैंने फाड़ा. लिख लीजिए."

"कहाँ खड़े होकर?"

"नीचे, कुर्सियों के पास से."

मी चक्रावलो. आरोपी आपला गुन्हा नेहमी लहान करून सांगतो. हा माणूस साधं दार उघडल्याचं नाकारत होता आणि पडदा फाडल्याचं कबूल करत होता. कबुली हातात असूनही मी त्याला अटक केली नाही. आधी जागा पाहायला गेलो.

खुर्च्यांजवळून पडद्याला हात पोचतच नव्हता. रंगमंच चांगला उंच होता. कापाच्या कडाही प्रेक्षकांच्या बाजूला बाहेर आल्या होत्या. म्हणजे कापणारा मागे, रंगमंचावर उभा होता. मागच्या धुळीत लहान पावलांचे ठसे होते. काप जेमतेम चेहरा बाहेर निघेल एवढाच, आणि माझ्या छातीच्या उंचीवर.

मागच्या दाराच्या किल्ल्या कोणाकोणाकडे असतात, हे विचारायला मालकांच्या घरी गेलो. दार त्यांच्या आईने उघडलं. ठेंगण्या, सत्तरी ओलांडलेल्या बाई. माझा गणवेश पाहताच म्हणाल्या, "त्याला धरलंत का? सोडा त्याला. पडदा मी कापला. घरच्या कात्रीने."

मुलगा धावत पुढे आला. "आई, काय बोलते आहेस तू?"

"खरं तेच. लग्नाआधी मी त्या रंगमंचावर काम करत होते. तुझ्या बाबांनी लग्न ठरवताना सांगितलं, आता हे बंद, आणि घरात विषयही नको."

"तू नाटकात होतीस?"

त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाडायच्या आधी तिथे उभं राहून एकदा समोर बघायचं होतं. पडदा मध्ये होता. गेटकीपर नको नको म्हणत होता. मुलाला कळू देऊ नको, असं मीच त्याला बजावलं होतं."

मी मुलाला विचारलं, "टॉकीज कोणाच्या नावावर आहे?"

"आईच्याच," तो हळूच म्हणाला.

स्वतःचाच पडदा कापला, तर गुन्हा कसला? मी जबाब घेतला आणि गेटकीपरला घरी सोडा, असा निरोप ठाण्यात धाडला. निघताना राहवलं नाही म्हणून विचारलं, "काकू, मग विक्रीवर सही करू नका ना!"

"टॉकीज मला नकोच आहे हो," त्या म्हणाल्या. पुढे त्यांनी सही केलीही. मला आजही त्याचं कोडं आहे.

थोड्या दिवसांनी मुलगा ठाण्यात आला. मला वाटलं, केस बंद झाल्याचा कागद हवा असेल. तो म्हणाला, "आईच्या जबाबात ती नाटकात होती, हे लिहिलंय ना? त्याची नक्कल मिळेल का? घरात तिचा एक फोटोसुद्धा नाही."

त्यानंतर कुठल्याही तपासात घरच्या माणसाने "मी तिला चांगला ओळखतो" म्हटलं, की मी ते लिहून घ्यायचो. पण विचारायला तिच्याकडेच जायचो.