सतराव्या तळटिपेची लाल खूण

डॉ. शालिनी खांबेटे यांची आणि माझी पहिली भेट पानिपतला जाणाऱ्या बसमध्ये झाली, आणि त्या भेटीत मी सपशेल तोंडावर आपटलो. दर जानेवारीत दिल्लीतली मराठी मंडळी काला अंबच्या स्मारकाला जातात. पुण्याहून गुरुग्रामच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत येऊन मला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते आणि इतिहासाविषयीचा माझा आत्मविश्वास अजून अबाधित होता. बस मुरथलला पराठ्यांसाठी थांबेपर्यंत मी आसपासच्या चार रांगांना पानिपतची लढाई ऐकवली होती आणि जवळजवळ जिंकूनही दिली होती. तेवढ्यात मागच्या आसनावरच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारले, "हे कुठे वाचलंत?"

मी म्हणालो, "सगळ्यांनाच माहीत आहे की."

"अच्छा. सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

त्यानंतर परतीच्या प्रवासात मी बहुतेक वेळ खिडकीबाहेर पाहत होतो. दिल्लीत उतरताना बाईंनी एका कागदावर पत्ता लिहून दिला. पहाडगंजातल्या एका मराठी मंडळाची खोली, रविवार, सकाळी दहा, मोडी लिपीचा वर्ग. "राग आला असेल तर येऊ नका. शिकायचं असेल तर या," असे त्या म्हणाल्या. राग आला होता, तरीही मी गेलो. त्याला आता आठ वर्षे झाली.

खांबेटेबाई मूळच्या साताऱ्याच्या. यजमानांच्या बदलीबरोबर त्या दिल्लीत आल्या आणि इथल्या एका महाविद्यालयात त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ इतिहास शिकवला. पुढे यजमान निवृत्त झाले, काही वर्षांनी वारले. नातेवाईक गावी बोलावत राहिले, पण बाई मयूर विहारच्या त्याच तिसऱ्या मजल्यावर राहिल्या. कारण विचारले तर "पुस्तकं कोण हलवणार?" एवढेच उत्तर मिळते. निवृत्तीनंतर त्यांनी हा वर्ग सुरू केला. त्यातून बाहेर पडलेल्या बँक अधिकाऱ्यांनी, अभियंत्यांनी आणि गृहिणींनी आजवर बरेच शोधनिबंध विद्वानांच्या नियतकालिकांत छापून आणले आहेत. बाईंच्या कार्याची यादी त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतरत्र आहेच. मी त्यांच्या कामाच्या एका रीतीविषयी लिहिणार आहे, कारण त्या रीतीने माझा कान चांगलाच पिळला आहे.

त्या रीतीला बाई 'पडताळा' म्हणतात. निबंध नियतकालिकाकडे पाठवण्याआधीचे शेवटचे दोन-तीन रविवार त्यासाठी राखलेले असतात. पहाडगंजचा वर्ग आटोपला की बाईंच्या जेवणाच्या टेबलावर छापील हस्तलिखित ठेवायचे. फ्रिजच्या दारावर नियतकालिकाचे 'लेखकांसाठी सूचना' हे पान चुंबकाने लावायचे. मग एकाने तळटीप वाचायची आणि दुसऱ्याने त्या टिपेतला मूळ कागद, निदान त्याचे छायाचित्र, टेबलावर ठेवायचा. कागद आणि टीप जुळली तर बाई स्वतःच्या हाताने लाल पेन्सिलीची खूण करतात. कागद नसेल तर खूण नाही आणि सगळ्या खुणा झाल्याशिवाय निबंध घराबाहेर जात नाही. निम्म्या टिपा होईपर्यंत चहासुद्धा मिळत नाही.

शिस्त कडक असली तरी हात मायेचा आहे. माझा पहिला निबंध एका संपादकांनी दोन दिवसांत परत पाठवला, तेव्हा मी वर्ग सोडण्याच्या बेतात होतो. बाईंनी घरी बोलावले, साबुदाण्याची खिचडी पुढे केली आणि कपाटातून एक जाडजूड फाइल काढली. तिच्यात त्यांना स्वतःला आलेली सगळी नकाराची पत्रे होती, तारीखवार लावलेली. "हे माझं खरं प्रगतिपुस्तक. तुमचं तर आता कुठे पहिलं पान आहे," त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी दोनदा खिचडी घेतली.

आता मुख्य गोष्ट. बाईंचे नाव ज्या निबंधामुळे झाले तो त्यांनी वीस वर्षांपूर्वी लिहिला होता. मराठ्यांच्या वकिलाकडे काम करणाऱ्या एका कारकुनाने दिल्लीहून भावाला लिहिलेले पत्र हा त्याचा कणा. बायको बाळंत आहे, तूर्त येथून निघत नाही, अशा मजकुराचे हे साधे खुशालीचे पत्र पानिपतच्या आदल्या वर्षातले मानलेले होते. बाईंची मांडणी अशी, की दिल्लीत मराठी घरे होती, पण पानिपतबरोबर तो धागा तुटला आणि पुढे सगळे नव्याने सुरू झाले. माझा दुसरा निबंध याच पायावर उभा होता. दोन वर्षांचे रविवार मी त्यात घातले होते. शिवाय या गौरवग्रंथाची जुळवाजुळव सुरू झाली होती आणि बाईंचा तोच निबंध ग्रंथाच्या अग्रभागी छापायचे समितीने ठरवले होते.

गेल्या वर्षी माझ्या पडताळ्याच्या पहिल्या रविवारी आम्ही सतराव्या तळटिपेपाशी आलो. तिथे आधार होता बाईंच्या निबंधाचा. मी म्हणालो, "हे तर तुमचंच आहे, बाई. पुढे जाऊ या."

"माझं आहे म्हणून खूण फुकट मिळत नाही. पत्र आणा."

पत्र पुण्याच्या एका दप्तरात होते. रजा काढून मी गेलो आणि छायाचित्र घेऊन आलो. पत्राच्या वेष्टनावर कोण्या जुन्या सूचीकाराने पेन्सिलीने इंग्रजी वर्ष लिहिले होते. पत्रावर मात्र फक्त सुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांतले तेव्हाचे वर्ष, आणि हिजरी महिना होता. बाईंकडे जाण्याआधी मी ते रुबिना मुजावर यांना दाखवले. रुबिना आमच्या वर्गातल्या, बँकेत अधिकारी. तीन पिढ्या दिल्लीत काढलेल्या मराठी मुसलमान घरातल्या असल्याने हिजरी महिने त्यांना तोंडपाठ आहेत.

"अरे यार," त्या म्हणाल्या, "हा तर रज्जब आहे."

"मग?"

"मग काय? सन मृगाला बदलतो, जूनच्या सुरुवातीला. शाळेचं वर्ष कसं, एप्रिलला सुरू होतं आणि पुढच्या मार्चला संपतं? तसंच. या सनातला रज्जब पुढच्या इंग्रजी वर्षात येतो. सूचीवाल्याने आधीचं वर्ष लिहून टाकलंय." त्यांनी पुन्हा बोटे मोजली. "पानिपत होऊन गेलंय, बिल्कुल. जेमतेम महिना झालाय."

म्हणजे बाईंनी वीस वर्षांपूर्वी वेष्टनावरच्या तारखेवर विश्वास ठेवला होता. त्यांचा निबंध अर्धा कोसळत होता आणि माझा तर पुरताच. मी रुबिनांना गप्प राहायला सांगितले. त्यांना ते पटले नाही. "सांगायचं तूच सांग, पण सांग," एवढे बजावून त्या गेल्या.

मी सांगितले नाही. पुढच्या रविवारी पत्राचे छायाचित्र घरी विसरलो अशी थाप मारली आणि बाई चहा टाकायला आत गेल्या तेव्हा त्यांचीच लाल पेन्सिल उचलून सतराव्या टिपेवर खूण करून टाकली. बाईंची अब्रू वाचवतो आहे अशी मी मनाची समजूत घातली होती. माझे दोन वर्षांचे रविवारही त्यात वाचत होते, हे सोयीस्करपणे बाजूला ठेवले.

बाई चहा घेऊन आल्या, बसल्या आणि पान उलटता उलटता थांबल्या. "ही खूण मी केली नाही."

मी सगळे सांगून टाकले. छायाचित्र पिशवीतच होते. ते काढून समोर ठेवले. बाईंनी भिंग घेतले आणि ते छोटेसे पत्र पंधरा मिनिटे वाचले. मग त्या म्हणाल्या, "शहरात शत्रूची फौज आहे. आपलं सैन्य बुडालंय. आणि हा माणूस बाळंतिणीला घेऊन घरात बसून भावाला लिहितोय की तूर्त निघत नाही." त्यांनी भिंग खाली ठेवले. "मी हे खुशालीचं पत्र म्हणून वाचलं. वीस वर्षं वर्गात शिकवलं."

मी काहीतरी सांत्वनाचे बोलायला गेलो. "तुम्ही आता घरी जा," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. खूण मात्र तुमची आहे. ती मला जास्त लागली." मी मेट्रोच्या निळ्या मार्गाने घरी आलो. मला स्वतःची इतकी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचाच होता. ज्या नियतकालिकाने तो निबंध छापला होता त्याला त्यांनी तीन वाक्यांचे दुरुस्तीपत्र लिहिले होते: तारीख चुकली, मांडणीचा उत्तरार्ध मागे घेते, चूक माझ्या विद्यार्थ्यांनी दाखवली. पत्रात माझे आणि रुबिनांचे नाव होते. खोट्या खुणेचा उल्लेख नव्हता. गौरवग्रंथाच्या समितीतल्या एकांनी त्यांना समजावून पाहिले, "मॅडम, पंचाहत्तरीच्या पुस्तकात हे कशाला? कोण बघतंय?" बाई म्हणाल्या, "निबंध छापा, पण दुरुस्ती त्याच्या आधी छापा." वाचकांनी या ग्रंथाचे पहिले पान उघडले असेल, तर ती तीन वाक्ये त्यांनी पाहिली असतील.

माझा निबंध मी नव्याने लिहिला. धागा तुटला नव्हता, निदान एका घरापुरता तरी तुटला नव्हता, असे आता त्यात म्हटले आहे. बाईंनी पडताळ्याला पूर्वीसारखेच बसवले आणि सतराव्या टिपेवर खूण करण्याआधी पेन्सिलीला हळूच टोक काढले. त्या निबंधात सहलेखिका म्हणून नाव द्यायला त्यांनी नकार दिला. निबंध स्वीकारल्याचे कळले तेव्हा मात्र त्यांनी फोनवर दोनदा "चलो, झालं एकदाचं" म्हटले. त्या मनापासून खूश झाल्याचे मला त्यावरून समजले.

गौरवलेख ज्यांच्यावर लिहायचा त्यांना आधी दाखवू नये असा संकेत आहे. पण माझे कोणतेही लिखाण आता त्या टेबलावरून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. गेल्या रविवारी हा लेखही पडताळ्याला बसला. मुरथलचे पराठे, नकारांची फाइल, रुबिनांची बोटे, सगळ्यावर लाल खुणा झाल्या. खोटी खूण पकडली त्या दुपारी बाई शांत होत्या असे मी लिहिले होते. ते वाक्य त्यांनी खोडले आणि समासात लिहिले, 'नव्हते.' शेवटी मी रीतीप्रमाणे लिहिले होते की बाईंना निरोगी शंभर वर्षे लाभतील. तिथे त्यांनी खूण केली नाही. समासात फक्त 'आधार?' असे लिहिले.

आधार माझ्याकडे नाही. तरीही हे एकच विधान मी खोडणार नाही. त्याचा पुरावा बाईंनीच द्यायचा आहे, पुढची पंचवीस वर्षे, त्याच तिसऱ्या मजल्यावर राहून. लाल पेन्सिल घेऊन आम्ही समोर बसलो आहोत.