कंदील कोनाड्यात नव्हता

हिवरखेडात नत्थुजीची केळीची वखार म्हणजे जमिनीत सात पायऱ्या खाली गेलेली खोली. दोन हात रुंद दगडी भिंती, खिडकी नाही, वरच्या कोपऱ्यात मुठीएवढा झरोका, अन् तोही पोत्याचा बोळा कोंबून बंद. कच्चे घड आत रचायचे, मधात गोवऱ्याची शेगडी धुमसत ठेवायची, दार लावायचं अन् फटी शेणामातीनं लिपून घ्यायच्या. दिवसभर अन् रातभर धूर कोंडला की केळी पिवळी. मंग दार उघडून अर्धा दिवस वारा घालायचा, तवाच माणसानं आत जायाचं.

तेही कंदील घेऊन. कंदील हाताएवढा लांब अन् गुडघ्याच्या खाली धरायचा अन् एकेक पायरी उतरायची. वात ताठ जळली त जा. वात लहान झाली, निळी पडली, त तोंड न फिरवता मागच्या पायानं वर ये. दाराजवळ कोनाडा होता, कंदिलाची जागा तीच. कंदील कोनाड्यात असला म्हणजे वखार रिकामी. नसला म्हणजे आत माणूस आहे, हे घरातल्या लेकरालेही पाठ होतं. घासलेट मिळणं बंद झालं तसं नत्थुजी त्यात डिझेल घाले, अन् काच काळी होऊन जाये.

हा कायदा फुकटचा नव्हता. नत्थुजीचा काका याच वखारीत गेला. घड काढायले उतरला अन् घडाले टेकून बसलेला सापडला, जसा काही आराम करून राहिला. गाल लाल होते म्हणे, अन् चेहरा हसरा.

करिश्मा नत्थुजीची धाकटी. अशी पोरगी साऱ्या तेल्हारा तालुक्यात दुसरी नाही, अन् हे कोनी लाडानं बोलून नाही राहिलं. तिनं बाजारात गाड्यावरून "केळी" म्हणून आवाज टाकला त पलीकडच्या गल्लीतले म्हातारे उठून बसत. बीए केलं अकोल्याले, पहिल्या झटक्यात. गॅदरिंगले मुलींनी गोड गाणं म्हणायचं असते, हे तिले कोनी सांगितलंच नव्हतं बहुतेक. ती माईक घेऊन अशी ओरडली की सरांनी खाली वायर काढून टाकली. वायर काढली तरी मागच्या रांगेत ऐकू येत होतं.

त्या दिवशी तिले दोन माणसं भेटली. एक विपुल, अकोल्याले स्पीकर दुरुस्त करणारा, गिटार वाजवे अन् गिटारीच्या वायरीत बोअरच्या मोटरचं स्टार्टर जोडून त्याचा गुंगाट काढे. दुसरी आरती, अचलपूरची, फवारणीच्या निळ्या ड्रमवर अन् फळाच्या क्रेटवर काठ्या हाणे. असं वाजवणं कोनी केलं नव्हतं. पंक म्हणतात त्याले, विपुल सांगे. नत्थुजी म्हणे, "पंक म्हना का डंख म्हना, म्हशी दूध चोरून राहिल्या."

बँडचं नाव पडलं काजळी.

वाजवायले जागा मिळेना. विपुलच्या गच्चीवरून घरमालकानं उतरवलं. समाजमंदिरात एकच दिवस टिकले. मंग करिश्माच्या मोठ्या भावानं, मनोजनं, रस्ता काढला. मनोज आठवी शिकला पण डोकं इंजिनियरचं. तो म्हणाला, "आपल्या वखारीत जा व करिश्मे. दार लावलं त आत तोफ सोड, बाहेर कोंबडं उठनार नाही." त्यानंच ड्रम खाली उतरवले, त्यानंच घरून वायर ओढून दिली. माणसं डोकावायले येतात म्हणून बाहेरून कडीही तोच लावे, अन् बरोबर दोन तासानं काढे.

धुराचा दिवस सोडून बाकी दिवशी ते वाजवत. पण एकदा मनोजनं राख नीट पाहिली नाही. शेगडीत निखारे जिते होते. त्या दिवशी आरतीचा हात जड पडला, ठोका मागे मागे राहू लागला, विपुलचा गुंगाट लांबत गेला, अन् करिश्माचा आवाज असा निघाला जसा विहिरीतून कोनी तिलेच हाक मारून राहिलं. तिघांचंही डोकं ठणकत होतं. आरती वर येऊन ओकली. पण मोबाईलवर भरलेलं गाणं त्याइनं ऐकलं अन् तेच परत लावलं. गाणं होतं,

*ऊन नाही लागलं, पिकलो आमी,*
*धुरानं पिवळे झालो आमी.*

ते गाणं पंधरा दिवसात कुठल्या कुठं गेलं. अकोल्याच्या पोराइच्या फोनवर, अमरावतीच्या होस्टेलात, नागपूरपर्यंत. मनोज एसटी स्टँडवर उभा राहून कंडक्टरले ऐकवे. "माही बहीन हाय ही. मुंबईवाल्याइनं यावं अन् शिकावं."

मंग काजळीले बोलावणं आलं. अकोल्याले एका हॉलात साठ पोरं जमली. करिश्मा जीव तोडून गायली. पण खिडक्या उघड्या होत्या, हवा खेळत होती, अन् गाणं साधं निघालं. नुसतं जोरात. एक पोरगा तोंडावर बोलला, "ताई, रेकॉर्डिंगवालं नाही वाटून राहिलं."

वापस येताना विपुल गाडीत हळूच म्हणाला, "आवाज शेगडीत हाय, करिश्मा."

"मले मालूम हाय."

"थोडेसे निखारे ठेवले त काय होते? दोनच तास त राहतो आपन."

पुढच्या वेळी निखारे राखेखाली झाकून ठेवले होते, अन् ते तिनंच ठेवले होते. कंदील मात्र ती सोबत नेत नव्हती. तो कोनाड्यातच राहे. खाली नेला असता त वातीनं खरं सांगितलं असतं.

दोन महिने असं चाललं. करिश्माले जेवण जाईना. आरतीले वारांची नावं आठवायले वेळ लागे, अन् ती हसून टाळे. मनोजले वाटे, मोठ्या कलावंताचं असंच असते. तो तसं चारचौघात सांगेही.

मंग अमरावतीहून देवीदासचा फोन आला. देवीदासचं तिथं जुन्या बाजाराच्या इमारतीत तळघर होतं, आधी कॅरम क्लब, आता गाण्याचा अड्डा. त्याले काजळीचा शो पाहिजे होता. दीडशे माणूस, अमरावती-नागपूरचे सारे. "पन पहिल्यासारखं नवीन गानं पाठवा शुक्रवारपर्यंत," तो म्हणाला. "अकोल्यावालं नोको. मी ऐकलं ते."

शुक्रवारी दुपारी जेवताना नत्थुजीनं भाकर मोडता मोडता करिश्माकडे पाहिलं. म्हातारा बोलायचा कमी.

"तुहे गाल लाल दिसून राहिले व."

"ऊन लागलं असन, बाबा."

"वखारीत ऊन?" तो म्हणाला, अन् पुढं जेवला.

ती वखारीशी आली तवा विपुल अन् आरती खाली उतरले होते. मनोज कडीशी उभा. तिनं कोनाड्याकडे पाहिलं. हात आपोआप गेला, कंदील घेतला, पेटवला अन् उतरली. मनोजनं दार लावलं, कडी घातली, अन् स्टँडवर गेला. तिथं त्याले सांगायचं होतं, की आज आत जे भरून राहिलं ते साऱ्या इंडियात वाजन.

गाणं लांब होतं. करिश्मानं कंदील खाली ठेवला, ड्रमच्या बाजूले. पहिल्या कडव्याले वात ताठ होती. दुसऱ्याले थोडी वाकडी. तिसऱ्या कडव्यात ती अर्ध्या बोटाची राहिली, अन् कडा निळी झाली. करिश्मानं ते पाहिलं. तिनं विपुलकडे पाहिलं. त्याचे गाल रंग लावल्यासारखे लाल होते, अन् तो डोळे मिटून हसत होता. असा आवाज त्यानं कधीच काढला नव्हता. चारच ओळी राहिल्या होत्या.

तिनं एक ओळ अजून म्हटली. तेवढी एक ओळ ती पुढं जन्मभर मोजणार होती.

वात विझली.

आरती ड्रमवर आडवी झाली, काठी हातातच. विपुल भिंतीले टेकून बसला, जसा काही आराम करून राहिला. गिटार गुंगतच होती. करिश्मा पायऱ्याइकडे गेली त सात पायऱ्या सत्तर झाल्या. दारावर मुठी हाणल्या. "दादा, दार उघड." अजून हाणल्या. "दादा, दार उघड." जिच्या आवाजानं पलीकडच्या गल्लीतले म्हातारे उठत, तिचा आवाज या दोन हाताच्या दगडाबाहेर गेला नाही. वखारीची तारीफच ती होती.

नत्थुजी म्हशीले पाणी दाखवायले निघाला होता. जाता जाता त्यानं कोनाडा पाहिला, जसा तो चाळीस वर्षं पाहत आला. रिकामा. दाराले बाहेरून कडी, अन् कंदील कोनाड्यात नाही. त्यानं बादली तिथंच टाकली.

कडी काढताच करिश्मा त्याच्या पायावर पडली. त्यानं आधी तिलेच बाहेर ओढलं, मंग नाकाले धोतराचा सोगा बांधून, श्वास धरून दोनदा खाली उतरला. बासष्ट वर्षांचा माणूस. अशी माणसं आता होत नाहीत.

आरती दुसऱ्या दिवशी बोलायले लागली. विपुल अकोल्याच्या दवाखान्यात चार दिवस होता. तो उठला, पण डाव्या हाताची दोन बोटं सांगितलेलं ऐकेनात, अन् बोलता बोलता शब्द हरवे. मनोज दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला.

वखारीत मोबाईल भरतच राहिला होता. तो घरी आणला मनोजनं. गाण्याचा सुरुवातीचा भाग त्यानं ऐकला, छाती भरून आली, अन् त्यानं ते देवीदासले पाठवून दिलं. 'पाहा माह्या बहिनीनं काय केलं.' शेवटपर्यंत त्यानं ऐकलं नव्हतं.

आठ दिवसांनी करिश्मा अकोल्याच्या स्टँडवर उभी होती, विपुलले पाहून वापस यायले. बाजूच्या बाकावर दोन पोरी एका फोनवर मान घालून बसल्या होत्या. त्यातून तिचाच आवाज आला. धाड. "दादा, दार उघड." धाड, धाड. एक पोरगी म्हणाली, "काय ॲक्टिंग केली व बाप्पा." दुसरीनं मागे सरकवून तेवढंच परत लावलं.

घरी येऊन तिनं फोन मनोजपुढं ठेवला. मनोजनं या वेळी शेवटपर्यंत ऐकलं. मंग तो उठला, सब्बल घेतली अन् वखारीचं दार कडीकोयंड्यासकट उपटून काढलं.

तरी अमरावतीले जाणं झालं. विपुलनंच हट्ट धरला. "माही बोटं गेली," तो म्हणाला. शब्द शोधत शोधत म्हणाला. "एकदा त वाजवू दे, करिश्मा. लोकाइसमोर." त्याले नाही कसं म्हणायचं? तिनं देवीदासले दोन गोष्टी सांगितल्या. दार उघडं राहीन, अन् दाराशी माहा भाऊ उभा राहीन. देवीदास हो म्हणाला. मनोजले तिनं एकच सांगितलं, "मी कंदील वर धरला त काही इचारू नोको."

रविवारी चार वाजता तळघर भरलं. दीडशे म्हणता म्हणता दोनशे झाले. छत हाताले लागे. एकच लोखंडी दार. करिश्मानं पेटलेला कंदील पायाशी ठेवला, तसं पोराइनं टाळ्या वाजवल्या. त्याइले वाटलं, शोभेले आणला.

दोन गाणी झाली. वरच्या दुकानदारानं आवाजावरून कटकट केली, अन् देवीदासच्या माणसानं दार ओढून घेतलं. "दोनच मिनिट, भाऊ," तो मनोजले म्हणाला. पंखा नुसताच आवाज करून राहिला होता. विपुलची दोन बोटं तारेवर मागून येत होती, अन् सूर तसाच लांबत होता, वखारीतल्यासारखा. लोकाइले तेच पाहिजे होतं. समोरच्या पोराइनं डोळे मिटले.

करिश्मानं खाली पाहिलं. वात अर्ध्या बोटाची.

ती गायची थांबली. माईकमध्ये सरळ बोलली, "दादा, दार उघड."

साऱ्या तळघरानं एकदम उत्तर दिलं. "दादा, दार उघड." दोनशे गळे. पाय आपटून, भिंतीवर मुठी हाणून. धाड, धाड. "दादा, दार उघड." ती पुन्हा बोलली, तसं ते अजून जोरात बोलले. आरतीची काठी थांबली होती. मागच्या भिंतीशी एक पोरगी खाली बसली, अन् तिच्या मैत्रिणीनं हसत हसत तिचा फोटो काढला.

दोनशे मुंडक्याइच्या पलीकडं मनोजचं तोंड तिले दिसत होतं. त्याच्या बहिणीचे शब्द सारं गाव त्याच्याच तोंडावर फेकून राहिलं होतं, अन् यातलं खरं कोणतं, गाण्यातलं कोणतं, हे त्याले कळेना. ते कळायले त्याले वेळ लागत होता, अन् वात निळी झाली होती.

तिनं कंदील उचलला अन् डोक्याच्या वर धरला. काळ्या काचेमागे टिकलीएवढा उजेड.

मनोजनं काही विचारलं नाही. देवीदासच्या माणसाले त्यानं एका हातानं बाजूले सारलं, जसं पिकलं पान सारतात, अन् दोन्ही हातानं दार आत ओढलं.

वारा आला. आधी पायाले लागला, मंग तोंडाले. मागे बसलेली पोरगी खोकलली अन् उठली. काचेमागची वात हलली, पिवळी झाली, ताठ झाली. करिश्मा तिच्याकडे पाहत राहिली, अन् मंग वखारीत राहून गेलेल्या तीन ओळी म्हणाली. साध्याच निघाल्या. नुसत्या जोरात.

टाळ्या थोड्याच पडल्या. लोकं एकमेकांकडं पाहत होती. मधातून एक पोरगा ओरडला, राग नव्हता त्यात, विनंतीच होती. "ताई, दार लावा ना. तसं नाही वाटून राहिलं."

"हो ना, लावा," अजून कोनी बोललं. मंग चार जण, मंग दहा. देवीदास गर्दीतून दाराकडं निघाला.

मनोज उंबऱ्यावर मांडी घालून बसला. एक खांदा या चौकटीले, एक त्या. देवीदास येऊन समोर उभा राहिला, मागे पोराइचा घोळका. करिश्मानं कंदील हातातच ठेवला, अन् पुढचं गाणं धरलं.